नवा जन्म (ख्रिस्ती धर्म)

नवा जन्म ही ख्रिस्ती धर्मातील एक मूलभूत संकल्पना आहे. पापामुळे देवापासून दुरावलेल्या माणसाचे येशू ख्रिस्तावरील विश्वासाने देवाशी नाते पुन्हा जुळते आणि पवित्र आत्म्याच्या कार्याने त्याचे आंतरिक जीवन नव्याने सुरू होते, अशी ही शिकवण आहे. या बदलाला नवजीवन, नवनिर्मिती किंवा तारणाचा अनुभव असेही म्हटले जाते. नवा जन्म बाप्तिस्म्याच्या संस्कारातच घडतो की तो स्वतंत्र अंतरंगानुभव आहे, याविषयी ख्रिस्ती पंथांत मतभेद आहेत.

मराठी भाषेत या अनुभवाची सविस्तर नोंद एकोणिसाव्या व विसाव्या शतकातील आत्मकथनांतून झाली. बाबा पदमनजी, पंडिता रमाबाई, नारायण वामन टिळक आणि लक्ष्मीबाई टिळक यांच्या जीवनांत धर्मप्रवेश व देवाशी जडलेले नाते या दोन गोष्टी नेहमी एकाच वेळी घडलेल्या दिसत नाहीत. या कथांमध्ये नवे जीवन बहुधा दीर्घ शोधातून येते आणि त्यासाठी कुटुंब, जात व प्रतिष्ठा यांच्या रूपाने मोठी किंमत मोजावी लागते.

संज्ञा

या संकल्पनेचा प्रमुख आधार असलेल्या योहानकृत शुभवर्तमानाच्या तिसऱ्या अध्यायात मूळ ग्रीक भाषेतील 'अनोथेन' हा शब्द आला आहे. त्याचे 'पुन्हा' आणि 'वरून' असे दोन्ही अर्थ होतात. त्यामुळे हा जन्म दुसऱ्यांदा होणारा आहे, तसाच तो देवाकडून होणारा आहे, असा दुहेरी अर्थ त्यातून निघतो.

मराठीत 'पुनर्जन्म' हा शब्द मृत्यूनंतर जीवाला मिळणाऱ्या दुसऱ्या देहासाठी आधीपासून रूढ होता. कर्मविपाक आणि जन्ममरणाचा फेरा या कल्पना त्याच्याशी निगडित आहेत. ख्रिस्ती संकल्पना याहून वेगळी आहे. तिच्यात हा जन्म याच देहात, याच आयुष्यात आणि एकदाच होतो. म्हणून मराठी ख्रिस्ती लेखनात 'नवा जन्म' किंवा 'नव्याने जन्मणे' हे शब्दप्रयोग रूढ झाले. उपनयनानंतर येणाऱ्या 'द्विज' या संज्ञेशी तिचे बाह्य साम्य दिसते. तथापि उपनयनाचा अधिकार परंपरेने वर्ण व लिंग यांवर अवलंबून होता, तर ख्रिस्ती शिकवणीनुसार नवा जन्म सर्व माणसांना सारखाच खुला आहे.

बायबलमधील आधार

योहानकृत शुभवर्तमानानुसार निकदेम नावाचा एक परूशी, जो यहुद्यांचा अधिकारी होता, रात्रीच्या वेळी येशूकडे येतो. नव्याने जन्म झाल्याशिवाय देवाचे राज्य पाहता येत नाही, असे येशू त्याला सांगतो. वृद्ध माणूस मातेच्या उदरात पुन्हा कसा जाणार, असा प्रश्न निकदेम विचारतो. त्यावर येशू पाणी आणि आत्मा यांपासून होणाऱ्या जन्माविषयी बोलतो आणि आत्म्याच्या कार्याला वाऱ्याची उपमा देतो. त्याचा आवाज ऐकू येतो, पण तो कोठून येतो व कोठे जातो हे कळत नाही. निकदेम धर्मशास्त्राचा शिक्षक होता. त्यामुळे धार्मिक ज्ञान आणि आचरण असलेल्या माणसालाही नव्या जन्माची गरज असते, असा या संवादाचा अर्थ ख्रिस्ती भाष्यकारांनी लावला आहे.

जुन्या करारात यहेज्केल संदेष्ट्याच्या ग्रंथात दगडी हृदयाच्या जागी नवे हृदय देण्याचे, तर यिर्मयाच्या ग्रंथात हृदयावर लिहिलेल्या नव्या कराराचे वचन आहे. नव्या करारात पौलाने रोमकरांस लिहिलेल्या पत्रात बाप्तिस्म्याचा संबंध ख्रिस्ताबरोबर मरण्याशी व नव्या जीवनात चालण्याशी जोडला आहे. करिंथकरांस लिहिलेल्या दुसऱ्या पत्रात ख्रिस्तामध्ये असलेल्या माणसाला नवी उत्पत्ती म्हटले आहे. तीताला लिहिलेले पत्र आणि पेत्राचे पहिले पत्र यांतही हा विषय येतो.

देवाशी असलेल्या नात्यासाठी नव्या करारात मुख्यतः पिता आणि अपत्य यांची प्रतिमा वापरली आहे. रोमकरांस व गलतीकरांस लिहिलेल्या पत्रांत विश्वासणाऱ्याला दत्तक पुत्राचे स्थान मिळते आणि तो देवाला 'अब्बा' या अरामी शब्दाने हाक मारतो, असे वर्णन आहे. लूककृत शुभवर्तमानाच्या पंधराव्या अध्यायातील उधळ्या पुत्राच्या दाखल्यात घर सोडून गेलेला मुलगा नोकर म्हणून राहण्याच्या तयारीने परत येतो. पिता मात्र त्याला पुत्र म्हणूनच स्वीकारतो. ख्रिस्ती विचारात हे नाते माणसाच्या पात्रतेवर नव्हे, तर देवाच्या कृपेवर उभे असल्याचे मानले जाते.

पंथनिहाय मते

रोमन कॅथोलिक आणि ऑर्थोडॉक्स परंपरांत नवा जन्म बाप्तिस्म्याच्या संस्काराने होतो असे मानतात. बालकालाही बाप्तिस्मा दिला जातो आणि पुढील आयुष्यात विश्वास, प्रार्थना व इतर संस्कार यांनी ते जीवन वाढत जाते. लूथरन आणि अँग्लिकन परंपरांतही बाप्तिस्म्याशी नव्या जन्माचा निकटचा संबंध आहे. बॅप्टिस्ट व इतर काही प्रोटेस्टंट मंडळ्यांच्या मते प्रथम पश्चात्ताप व वैयक्तिक विश्वास आणि नंतर त्याची जाहीर खूण म्हणून बाप्तिस्मा, असा क्रम आहे. म्हणून त्या बालकांना बाप्तिस्मा देत नाहीत.

अठराव्या शतकातील इव्हँजेलिकल चळवळीने वैयक्तिक अनुभवाला विशेष महत्त्व दिले. धर्मगुरू म्हणून कार्य करत असलेल्या जॉन वेस्ली यांना २४ मे १७३८ रोजी लंडनमधील एका सभेत आपल्या पापांची क्षमा झाल्याची खात्री वाटली. मेथडिस्ट परंपरेत हा प्रसंग निर्णायक मानला जातो. विसाव्या शतकातील पेंटेकॉस्टल चळवळीने नव्या जन्माबरोबरच पवित्र आत्म्याच्या बाप्तिस्म्याचा स्वतंत्र अनुभव सांगितला. १९६७ मध्ये अमेरिकेत सुरू झालेल्या कॅथोलिक करिस्मॅटिक नवीकरण चळवळीमुळे कॅथोलिक मंडळीतही वैयक्तिक साक्ष आणि उत्स्फूर्त प्रार्थना यांना स्थान मिळाले.

मराठी भाषक प्रदेशातील इतिहास

पार्श्वभूमी

वसई आणि गोवा परिसरात पोर्तुगीज काळापासून कॅथोलिक समाज आहे. थॉमस स्टीफन्स या जेझुइट धर्मगुरूंचे 'क्रिस्तपुराण' हे ओवीबद्ध काव्य १६१६ मध्ये प्रसिद्ध झाले. प्रोटेस्टंट कार्याला मुंबईत १८१३ मध्ये अमेरिकन मिशनऱ्यांच्या आगमनाने सुरुवात झाली. १८३१ मध्ये अहमदनगर येथे अमेरिकन मराठी मिशनचे केंद्र सुरू झाले आणि १८४२ मध्ये 'ज्ञानोदय' हे नियतकालिक निघू लागले. शाळा, छापखाने आणि वादविवाद यांतून सुशिक्षित मराठी तरुणांचा ख्रिस्ती विचारांशी परिचय वाढला.

बाबा पदमनजी

बाबा पदमनजी (१८३१–१९०६) यांचा जन्म बेळगाव येथे कासार समाजात झाला. मिशनच्या शाळांत शिकत असताना त्यांना ख्रिस्ती मताची बौद्धिक खात्री पटत गेली, परंतु बाप्तिस्मा घेण्यास ते दीर्घकाळ धजावले नाहीत. मुंबईत त्यांचा परमहंस सभेशीही संबंध आला. १८५४ मध्ये बेळगाव येथे त्यांनी बाप्तिस्मा घेतला. 'अरुणोदय' या आत्मचरित्रात त्यांनी आपल्या धार्मिक घडणीचा आणि आप्तांपासून होणाऱ्या वियोगाच्या क्लेशाचा वृत्तान्त दिला आहे. ग्रंथाच्या शीर्षकातूनही हळूहळू उजाडत जाणाऱ्या प्रकाशाची कल्पना सूचित होते. विधवांच्या स्थितीवरील त्यांची 'यमुनापर्यटन' (१८५७) ही कादंबरी मराठीतील आरंभीच्या कादंबऱ्यांपैकी एक आहे.

पंडिता रमाबाई

बाप्तिस्मा आणि नवा जन्म यांतील अंतर मराठी परंपरेत सर्वाधिक स्पष्टपणे पंडिता रमाबाई (१८५८–१९२२) यांच्या चरित्रात दिसते. संस्कृत पंडित अनंतशास्त्री डोंगरे यांच्या या कन्येचे आईवडील दुष्काळात मरण पावले. पुढे भाऊ आणि पती बिपिनबिहारी मेधावी यांचेही अल्पावधीत निधन झाले. १८७८ मध्ये कलकत्त्यातील विद्वानांनी त्यांना 'पंडिता' व 'सरस्वती' या उपाधी दिल्या होत्या. तथापि धर्मग्रंथांचा अभ्यास करताना स्त्रिया व शूद्र यांना मोक्षाचा समान अधिकार नाकारलेला पाहून त्या अस्वस्थ झाल्या.

१८८३ मध्ये रमाबाई इंग्लंडला गेल्या. वाँटेज येथील अँग्लिकन भगिनी पतित स्त्रियांच्या पुनर्वसनाचे काम करत असत. ते काम आणि शोमरोनी स्त्रीशी येशूने केलेल्या संवादाची कथा यांचा रमाबाईंवर परिणाम झाला. नीळकंठ उर्फ नेहम्या गोऱ्हे यांच्या लेखनाचाही त्यांच्या निर्णयात वाटा होता. २९ सप्टेंबर १८८३ रोजी त्यांनी कन्या मनोरमेसह बाप्तिस्मा घेतला. त्यानंतर सिस्टर जेराल्डिन यांच्याशी झालेल्या पत्रव्यवहारात त्यांनी त्रैक्याचा सिद्धान्त आणि चर्चची अधिकारसत्ता यांविषयी प्रश्न उपस्थित केले. एका पुरोहितवर्गाच्या जोखडातून सुटल्यावर दुसऱ्याचे जोखड स्वीकारण्यास त्या तयार नव्हत्या.

१८८९ मध्ये त्यांनी मुंबईत विधवांसाठी शारदा सदन सुरू केले. पुढच्या वर्षी ते पुण्यास हलवण्यात आले. १८९१ च्या सुमारास विल्यम हॅस्लम या इंग्रज धर्मगुरूंचे आत्मकथन त्यांच्या वाचनात आले. हॅस्लम यांना आपण धर्मगुरू असूनही खरे विश्वासणारे नाही, ही जाणीव झाली होती आणि व्यासपीठावरून प्रवचन करत असतानाच त्यांना परिवर्तनाचा अनुभव आला होता. हे वाचून रमाबाईंना स्वतःची स्थिती उमगली. १९०७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या आपल्या इंग्रजी साक्षीत त्यांनी म्हटले की, बाप्तिस्म्यानंतर सुमारे ८ वर्षांनी आपल्याला कळले की आपण ख्रिस्ती धर्म स्वीकारला होता, पण धर्माचा प्राण असलेला ख्रिस्त आपल्याला लाभला नव्हता.

या अनुभवानंतर त्यांच्या कार्याचे स्वरूप बदलले. त्यांच्या खासगी प्रार्थनेस सदनातील काही मुली उपस्थित राहू लागल्या. त्यावरून पुण्यात वाद उसळला. 'केसरी'ने टीका केली आणि १८९३ मध्ये न्यायमूर्ती महादेव गोविंद रानडे व रामकृष्ण गोपाळ भांडारकर यांनी सदनाच्या सल्लागार मंडळाशी असलेला संबंध सोडला. अनेक पालकांनी मुलींना काढून नेले. सदनात धार्मिक तटस्थता पाळण्याच्या आश्वासनाचा भंग झाला, असे टीकाकारांचे म्हणणे होते. आपल्याच घरात उघडपणे प्रार्थना करण्याचा हक्क सोडता येणार नाही, अशी रमाबाईंची भूमिका होती.

१८९६–९७ च्या दुष्काळात मध्य प्रांतातून आणलेल्या सुमारे ३०० मुली व स्त्रियांसाठी त्यांनी पुणे जिल्ह्यातील केडगाव येथे मुक्ती सदन उभारले. तेथे शिक्षणाबरोबर शेती, विणकाम, छपाई इत्यादी कामे शिकवली जात. जून १९०५ मध्ये या संस्थेत धार्मिक जागृती झाली. मुलींनी पापांची कबुली देणे, रडत प्रार्थना करणे आणि नंतर आनंदाने साक्ष देणे, असे तिचे स्वरूप वर्णिले गेले. संस्थेतील सहकारी मिनी एब्रम्स यांनी या घटनेवर लिहिलेली पुस्तिका चिलीपर्यंत पोहोचली आणि १९०९ मध्ये तेथे उदयास आलेल्या पेंटेकॉस्टल चळवळीला तिच्यातून प्रेरणा मिळाली. आयुष्याच्या अखेरच्या काळात रमाबाईंनी हिब्रू व ग्रीक भाषांवरून बायबलचे सोप्या मराठीत भाषांतर केले; ते त्यांच्या निधनानंतर प्रसिद्ध झाले.

नारायण वामन टिळक आणि लक्ष्मीबाई टिळक

कवी नारायण वामन टिळक (१८६१–१९१९) यांना १८९३ मध्ये नागपूरहून राजनांदगावकडे जाताना आगगाडीत एका युरोपीय प्रवाशाने नवा करार भेट दिला. डोंगरावरील प्रवचनाने ते प्रभावित झाले आणि १० फेब्रुवारी १८९५ रोजी त्यांनी मुंबईत बाप्तिस्मा घेतला. संत तुकारामांच्या मार्गाने आपण ख्रिस्ताकडे आलो, अशी त्यांची भूमिका होती.

त्यांच्या निर्णयाचा सर्वांत मोठा आघात पत्नी लक्ष्मीबाई (१८६८–१९३६) यांच्यावर झाला. पती हयात असूनही त्यांना विभक्त राहावे लागले. काही वर्षांनी त्या टिळकांकडे परतल्या, पण आरंभी सोवळेओवळे आणि वेगळा स्वयंपाक पाळत राहिल्या. जातिभेद देवाने केलेला नसून माणसाने केलेला आहे, हा विचार मनात पक्का झाल्यावर त्यांनी हळूहळू ही बंधने सोडली आणि १९०० मध्ये स्वतः बाप्तिस्मा घेतला. 'स्मृतिचित्रे' या आत्मचरित्रात त्यांनी हा प्रवास विनोदबुद्धीने आणि कटुतेशिवाय सांगितला आहे. एखाद्या चमत्कारिक क्षणाऐवजी रोजच्या पाण्याच्या व जेवणाच्या व्यवहारातून झालेले परिवर्तन, हे या कथनाचे वैशिष्ट्य आहे. टिळकांचे अपूर्ण राहिलेले 'ख्रिस्तायन' हे महाकाव्य लक्ष्मीबाईंनी पुढे नेले.

सामूहिक धर्मांतरे

वरील उदाहरणे मुख्यतः सुशिक्षित व्यक्तींची आहेत. अहमदनगर आणि आसपासच्या भागात महार व मांग समाजांतील अनेक कुटुंबांनी ख्रिस्ती धर्म स्वीकारला. १८७६–७८ च्या दुष्काळानंतर ही संख्या वाढली. तेथे निर्णय बहुधा एकट्या व्यक्तीचा नसून कुटुंबाचा किंवा वस्तीचा असे. अन्नाच्या आशेने आलेल्यांचा विश्वास कितपत खरा, हा प्रश्न मिशनऱ्यांमध्येही चर्चिला गेला. दुसरीकडे, अस्पृश्य मानल्या गेलेल्या माणसाला अक्षरज्ञान, देवासमोर उभे राहण्याचा अधिकार आणि सन्मानाने हाक मिळणे, हा त्याच्या दृष्टीने नव्या जीवनाचाच भाग होता.

वऱ्हाड आणि बुलढाणा परिसर

विदर्भात स्कॉटिश मिशनरी स्टीफन हिस्लॉप यांनी १८४५ पासून नागपूर येथे कार्य केले. वऱ्हाडात एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस ख्रिश्चन अँड मिशनरी अलायन्स या संघटनेचे काम वाढले. अकोला व खामगाव ही तिची केंद्रे होती. संस्थापक ए. बी. सिम्प्सन यांच्या शिकवणीत ख्रिस्ताला तारणारा, पवित्र करणारा, बरे करणारा आणि पुन्हा येणारा राजा अशा चार रूपांत पाहिले जाते. त्यामुळे या भागातील मंडळ्यांच्या शिकवणीत नव्या जन्माबरोबर पवित्र जीवनावरही भर राहिला. अकोल्यात कार्य केलेल्या जेनी फुलर यांचे भारतीय स्त्रियांच्या दुःस्थितीवरील इंग्रजी पुस्तक १९०० मध्ये रमाबाईंच्या प्रस्तावनेसह प्रसिद्ध झाले.

मलकापूर, नांदुरा आणि वडनेर भोलजी ही गावे असलेला बुलढाणा जिल्हा १९५६ पर्यंत तत्कालीन मध्य प्रदेश राज्यात होता. त्या राज्याच्या सरकारने १९५४ मध्ये ख्रिस्ती मिशनरी कार्याच्या चौकशीसाठी भवानीशंकर नियोगी यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली. १९५६ मध्ये सादर झालेल्या अहवालात परदेशी पैसा आणि प्रलोभने यांच्या आधारे होणाऱ्या धर्मांतरावर कठोर टीका होती. ख्रिस्ती संघटनांनी तिचे निष्कर्ष एकांगी असल्याचे म्हटले.

भक्तिपरंपरेशी संबंध

मराठी ख्रिस्ती कवींनी देवाशी असलेले नाते व्यक्त करताना वारकरी संतांची भाषा आणि छंद स्वीकारले. टिळकांच्या 'अभंगांजली'त येशू हा गुरू, सखा आणि माउली या रूपांत येतो. भजन आणि कीर्तन या प्रकारांचा वापर उपासनेत होऊ लागला. १९१७ मध्ये टिळकांनी 'देवाचा दरबार' या कल्पनेद्वारे बाप्तिस्मा घेतलेल्या आणि न घेतलेल्या ख्रिस्तभक्तांना एकत्र आणण्याचा प्रयत्न केला. देवाशी नाते जोडण्यासाठी पाश्चात्त्य चर्चव्यवस्था अपरिहार्य नाही, हा त्यामागील विचार होता.

दोन्ही परंपरांत देवाची व्याकूळ ओढ, स्वतःच्या अपात्रतेची कबुली आणि कृपेची याचना आढळते. मात्र ख्रिस्ती शिकवणीत हे नाते येशूचा वधस्तंभावरील मृत्यू व पुनरुत्थान या घटनांशी जोडलेले असल्याने दोन्ही भूमिका एकरूप नाहीत.

आचार आणि साक्ष

नव्या जन्माचा दावा आचरणातून सिद्ध व्हावा, अशी सर्व पंथांची अपेक्षा असते. प्रार्थना, बायबलवाचन, मंडळीतील उपासना, प्रभुभोजन, क्षमा आणि गरजूंची सेवा ही त्या जीवनाची लक्षणे मानली जातात. अनेक मराठी मंडळ्यांत 'साक्ष' देण्याची प्रथा आहे. तिच्यात विश्वासणारा आपले पूर्वीचे जीवन, बदलाचा प्रसंग आणि नंतरचे जीवन सर्वांसमोर सांगतो. व्यसनमुक्ती, कुटुंबातील समेट आणि भीतीपासून सुटका हे अशा साक्षींतील नेहमीचे विषय आहेत.

कायदा आणि सामाजिक परिणाम

धर्मांतरित व्यक्तीचा वारसाहक्क पूर्वी धोक्यात येत असे. १८५० च्या जातिनिर्बंध निवारण कायद्याने धर्म किंवा जात गमावल्यामुळे मालमत्तेचा हक्क जाणार नाही, अशी तरतूद केली. १८६६ च्या कायद्याने, धर्मांतरामुळे जोडीदाराने सोडून दिलेल्या ख्रिस्ती व्यक्तीस विवाहविच्छेदाचा मार्ग उपलब्ध करून दिला. कायदा वारसा वाचवू शकला, तरी घराचा उंबरठा आणि गावातील पाणवठा अनेकांना बंदच राहिला.

भारतीय संविधानाच्या अनुच्छेद २५ नुसार सदसद्विवेकबुद्धीचे आणि धर्म मानण्याचे, आचरण्याचे व प्रसार करण्याचे स्वातंत्र्य आहे. १९७७ मध्ये रेव्हरंड स्टॅनिस्लॉस खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने प्रसाराच्या हक्कात दुसऱ्याचे धर्मांतर करण्याचा हक्क समाविष्ट नसल्याचे सांगितले. अनुसूचित जातींविषयीच्या १९५० च्या राष्ट्रपतींच्या आदेशानुसार ख्रिस्ती झालेल्या दलितांना अनुसूचित जातीचा दर्जा मिळत नाही. हा प्रश्न अद्याप वादाचा आहे.

टीका आणि अभ्यास

विष्णुबुवा ब्रह्मचारी यांनी १८५७ मध्ये मुंबईच्या समुद्रकिनारी मिशनऱ्यांशी जाहीर वाद करून ख्रिस्ती मताचे खंडन केले. महात्मा गांधींनी धर्मांतरापेक्षा प्रत्येकाने आपापल्या धर्मात राहून अधिक चांगले होण्यावर भर दिला. ख्रिस्ती विचारवंतांनीही केवळ भावनावेगावर आधारलेल्या अनुभवाच्या मर्यादा दाखवल्या आहेत.

अमेरिकन मानसशास्त्रज्ञ विल्यम जेम्स यांनी १९०२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या 'द व्हरायटीज ऑफ रिलिजस एक्सपिरिअन्स' या ग्रंथात 'एकदा जन्मलेले' आणि 'दोनदा जन्मलेले' अशा दोन धार्मिक वृत्तींचे, तसेच आकस्मिक व क्रमिक परिवर्तनाचे विवेचन केले. धार्मिक अनुभवाचे मूल्य त्याच्या आकस्मिकतेवरून नव्हे, तर जीवनातील फळांवरून ठरवावे, असे त्यांचे मत होते. या वर्गीकरणानुसार लक्ष्मीबाई टिळकांचे परिवर्तन क्रमिक ठरते, तर रमाबाईंच्या जीवनात दीर्घ शोध आणि निर्णायक क्षण या दोन्ही गोष्टी आढळतात.

हे सुद्धा पहा

बाप्तिस्मा
पवित्र आत्मा
पंडिता रमाबाई
बाबा पदमनजी
नारायण वामन टिळक
स्मृतिचित्रे
महाराष्ट्रातील ख्रिस्ती धर्म